गाडी नाही, टेम्पो परवडत नाही: गादी, पंखा, टीव्ही लोकलने आणि एसटीने घरी कसा आणायचा

गादी लोकलमधून नेता येते का? येते. पंखा, मिक्सर, 32 इंची टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, फोल्डिंगची खाट, पिंप, शिलाई मशीन, हे सगळं मुंबईत रोज कोणी ना कोणी लोकलने नेतच असतं, फक्त ते लोक दुपारी जातात म्हणून नऊ वाजताच्या फास्टमध्ये लटकणाऱ्यांना दिसत नाहीत. मी डोंबिवलीची, घरात चारचाकी नाही, स्कूटी आहे पण तिच्यावर गादी बांधून निघणं म्हणजे पतंगावर बसण्यासारखं आहे. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बहुतेक मध्य रेल्वेच्या अंगाने येईल, वेस्टर्नवाल्यांनी आपापली स्टेशनं घालून वाचा.

सगळ्यात आधी डोक्यात बसवायची गोष्ट म्हणजे सामान वजनाने अडत नाही. अडतं ते लांबीने, कोपऱ्यांनी आणि जिन्यांनी. 10 किलो तांदळाची पिशवी कोणीही खांद्याला मारून पूल चढतं, पण चारपाच किलोची फोमची गादी त्याच पुलावर तुमचा जीव काढते, कारण ती पुढचं काही दिसू देत नाही आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला घासते. म्हणून वस्तू घ्यायच्या आधी, दुकानातच उभं राहून, ती हातात घेऊन घरापर्यंतचा रस्ता मनात चालून बघायचा. दुकानातून स्टेशनपर्यंत कसं, पूल आहे का, लिफ्ट चालू असते का, गाडी बदलायची आहे का, उतरल्यावर रिक्षा स्टँड कुठल्या बाजूला, आणि शेवटी आपल्या बिल्डिंगला लिफ्ट आहे की चौथा मजला आहे. या रस्त्यात जितके जिने कमी तितकी ट्रिप सोपी, मग अंतर जास्त असलं तरी चालेल.

उदाहरण देते. जोगेश्वरीला ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट प्रसिद्ध आहे, माल भरपूर, पण डोंबिवलीच्या माणसाने तिथून दोन खुर्च्या आणायच्या म्हणजे वेस्टर्नने दादर, तिथला पूल, मग सेंट्रल. दादरचा पूल रिकाम्या हाताने पार करताना दमछाक होते, खुर्च्या घेऊन काय होईल बघा. त्यापेक्षा उल्हासनगरचा फर्निचर बाजार बरा: ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, चार स्टेशनं, कर्जत-बदलापूरची गाडी पकडली की मधे बदलणं नाही. दुकानात शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी मी तिथूनच घेईन. भाव करताना लोक वस्तूचा भाव करतात, रस्त्याचा करत नाहीत.

वेळ

दुपारी 12 ते 4, सोमवार ते शनिवार. बाकी वेळ विसरा. सकाळी 8 ते 11 मुंबईकडे जाणारी आणि संध्याकाळी 5 नंतर परतणारी गाडी, यात खोका घेऊन चढणं हा गुन्हा नसला तरी लोक गुन्हेगारासारखंच बघतात आणि त्यांचं चूक पण नाहीये. उलट दिशेने जात असाल तर थोडी सूट आहे, म्हणजे सकाळी कल्याणकडे जाणारी गाडी त्यामानाने मोकळी असते.

आणि रविवार. सुट्टी म्हणून सगळे रविवारीच खरेदीला निघतात आणि रविवारी दुपारीच मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग काही तास बंद. स्लोच्या गाड्या फास्टवर वळवतात, मधली स्टेशनं गाळतात, गाड्या उशिरा, म्हणून जी येते ती भरलेली. गादी घेऊन करी रोडला उभे आहात आणि अनाउन्समेंट होते की गाडी इथे थांबणार नाही, तेव्हा काय करणार. रविवारीच जायचं असेल तर आदल्या दिवशी ब्लॉक कुठे आहे ते बघा, पेपरात येतं, ॲपवर येतं, शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर येतंच येतं.

बांधणी

दुकानदार खोक्याला जी प्लास्टिकची पिवळी पट्टी मारून देतो तिला धरून खोका न्यायचा नसतो, ती फक्त खोका उघडू नये म्हणून असते. पाच मिनिटांत बोटं कापते. घरून निघतानाच पिशवीत या वस्तू टाका: सातआठ मीटर जाडसर सुती दोरी किंवा सुतळीचा जाड गुंडा, एक जुनी सुती साडी किंवा चादर, एक पंचा, चिकटपट्टी, आणि बाथरूममधल्या जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा. पाइपाला उभा चिरा द्यायचा आणि दोरीवर बसवायचा, झाली मूठ. नायलॉनची दोरी मजबूत असते पण गाठ सुटते आणि हाताला सटकते, म्हणून माझं मत सुती. खोक्याला दोरी आडवी आणि उभी दोन्हीकडून फिरवा, वरती जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे गाठ, आणि मूठ बरोबर त्या गाठीजवळ, म्हणजे खोका एका बाजूला कलत नाही. मूठ मधोमध आली की नाही हे दुकानाच्या पायरीवरच उचलून बघायचं, स्टेशनवर नाही.

पंचा कशाला तर चुंबळीला. पीळ देऊन गोल करा आणि डोक्यावर ठेवा. शहरातल्या लोकांना डोक्यावर ओझं घ्यायला लाज वाटते, पण पुलावर गर्दीत सगळ्यात कमी जागा डोक्यावरचं ओझंच घेतं, दोन्ही बाजूंनी लोक आरामात निघून जातात. भाजीच्या पाट्या घेऊन चढणारे लोक हे काय हौस म्हणून करत नाहीत. मान दुखत असेल किंवा सवय नसेल तर मात्र नको, आणि डोक्यावर घेतलंत तर स्टेशनात शिरताना वर काय लटकतंय ते बघा, पाट्या, पंखे, इंडिकेटर.

आता एकेक वस्तू.

गादी. कापसाची गादी वळकटी करून नेता येते, जड असते पण आकार देता येतो. फोमची पण वळते, जोर लावावा लागतो, दोघं लागतात, एक जण गुडघ्याने दाबून गुंडाळणार आणि दुसरा दोरी आवळणार. तीन ठिकाणी बांधा, दोन टोकांना आणि मधे, आणि वरून जुनी साडी गुंडाळून बोचकं करा. काथ्याची गादी अजिबात दुमडू नका, आतून तुटते आणि मग कायमची तिथेच खड्डा पडतो, तिला टेम्पोच. सिंगलची गादी साधारण 6 बाय 3 फुटांची असते, वळकटी केल्यावर 3 फूट लांबीचा रोल राहतो, तो उभा धरून माणूस डब्यात उभा राहू शकतो. डबल बेडची एकट्याने नेऊ नका. दुकानातलं प्लास्टिकचं कव्हर फाडू नका, पावसापेक्षा मच्छीच्या पाण्यासाठी, ते पुढे सांगते.

पंखा. हा सोपा. 1200 एमएमचा म्हणजे 48 इंची पंखा एवढा मोठा वाटतो पण पाती वेगळी असतात, मोटर वेगळी, दांडी वेगळी. पाती कशावरही आपटू नका आणि पात्यांवर काही ठेवू नका, जरा वाकली की पंखा डुलतो आणि मग आयुष्यभर इलेक्ट्रिशियनला फोन. लोहार चाळीतून, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, पंखे-लाइटी घेणाऱ्यांनी जवळ म्हणून मशीद बंदरला चढायचा मोह टाळावा, तिथे गाडी जेमतेम थांबते. थोडं चालून किंवा टॅक्सी करून सीएसएमटीला जा. शेवटचं स्टेशन, फलाट टोकाला बंद, त्यामुळे पूल चढायचाच नाही, रस्त्यावरून सरळ फलाटावर, आणि गाडी तिथूनच सुटते म्हणून दोनचार मिनिटं उभी असते, सामान नीट लावून बसता येतं. हे चर्चगेटला पण तसंच. मोठं सामान असेल तर जिथून गाडी सुटते तिथून चढायचं हा नियमच करा, ठाणे, कल्याण, दादर, कुर्ला, जिथली सुटणारी गाडी मिळेल ती.

टीव्ही. 32 इंची म्हणजे कोपरा ते कोपरा 32, रुंदी साधारण 28 इंच. 43 इंची घेतला तर रुंदी 38 इंचांच्या आसपास, वर खोक्याचा थर्माकोल, म्हणजे जवळजवळ साडेतीन फूट. 32 चा एकट्याने नेता येतो, 43 चा दोघांनी, त्याच्या वर गेलात तर दुकानातून घरपोच घ्या, बहुतेक दुकानं देतात. टीव्ही कायम उभा ठेवायचा, आडवा घालायचा नाही, आडवा घातला की कोणीतरी त्यावर पिशवी ठेवतं, हे पक्कं. खोक्यावर बाण असतो तो वरच राहिला पाहिजे. स्क्रीनची बाजू आपल्या अंगाकडे, पाठ गर्दीकडे.

खुर्च्या. प्लास्टिकच्या एकात एक बसतात, चार एकत्र बांधून उलट्या करून डोक्यावर घ्यायच्या, पाय आकाशाकडे. लगेजच्या डब्यात खाली ठेवल्या की वरच्या खुर्चीवर मस्त बसून जा, अख्ख्या लोकलमध्ये स्वतःची खुर्ची घेऊन बसलेलं माणूस तुम्हीच.

शिलाई मशीनचं नुसतं मुंडकं लोखंडी आणि जड असतं, ते गोणपाटात गुंडाळून ट्रॉलीबॅगेत घाला, पायाचं स्टँड वेगळं. स्टँड जुनंच घरी असेल तर उत्तम.

पडद्याचे रॉड, पाइप, ॲल्युमिनियमची शिडी, बांबू. इथे जरा थांबा कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. लोकलच्या वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात आणि तारेला प्रत्यक्ष टेकायची पण गरज नसते, जवळ गेलं तरी झटका बसतो. 12 फुटी रॉड फलाटावर झेंड्यासारखा उभा धरलात तर तो माणसाच्या उंचीच्या दुप्पट वर जातो. लांब धातूची वस्तू फलाटावर आणि पुलावर नेहमी आडवी, कमरेच्या खाली, टोकाला जुना कपडा बांधून. पुलाच्या कठड्यातून किंवा जाळीतून तर बाहेर जाताच कामा नये. खरं तर रॉड दुकानातच कापून घ्यायचा, माप घेऊन जा, दुकानवाला हॅकसॉने दोन मिनिटांत कापून देतो आणि मधला जॉइंट पण देतो. 6 फुटांच्या वरचं काहीही लोकलमध्ये नको, माझं स्पष्ट मत.

लगेजचा डबा

लोकलला लगेजचे डबे असतात, बाकड्यांची गर्दी नसते, आत मोकळी जागा. फलाटावर ते कुठे येतात हे कळायची सोपी युक्ती म्हणजे मच्छीच्या आणि भाजीच्या पाट्या कुठे मांडून ठेवल्यात ते बघायचं. त्या लोकांना इंचाचा हिशोब असतो, डब्याचं दार बरोबर त्यांच्या पाटीसमोर थांबतं. आता मध्य रेल्वेच्या काही गाड्यांत एका लगेज डब्याचा ज्येष्ठांसाठी डबा केलाय, त्यामुळे रोजच्या जागेवर आंधळेपणाने उभं राहू नका, गाडी येताना बाहेर काय लिहिलंय ते वाचा. एसी लोकलच्या नादाला लागू नका, तिला लगेजचा डबाच नसतो आणि दार आपोआप बंद होतं, तुमची गादी अर्धी आत असली तरी त्याला काय.

तिकीट आपलं काढायचंच, आणि सामान बरंच असेल तर बुकिंगच्या खिडकीवर लगेजचं तिकीट विचारा. थोडेच पैसे जातात पण टीसीने धरलं तर वाद घालायला तुमच्याकडे कागद असतो. उलटंही लक्षात ठेवा, सामान नसताना गर्दी टाळायला लगेजमध्ये चढलात तर दंड होतो. तिकीट आणि फोन वरच्या किंवा पुढच्या खिशात, चेन लावून, कारण तुमचे दोन्ही हात अडकलेले आहेत हे तुमच्याआधी खिसेकापूला दिसतं.

चढताना एकटे असाल तर आधी वस्तू आत टेकवायची आणि तिच्या मागोमाग आपण. दोघं असाल तर एक जण आधी रिकाम्या हाताने चढेल, दुसरा खालून देईल आणि लगेच चढेल, देऊन झाल्यावर फलाटावर उभं राहून सूचना देत बसायचं नाही, गाडी वीसतीस सेकंदच थांबते. आणि ठरवून ठेवा, चुकामूक झालीच तर कोण कुठल्या स्टेशनला थांबणार.

आत शिरल्यावर वस्तू दाराच्या वाटेत नको, ज्या बाजूला फलाट येत नाही त्या बाजूच्या कोपऱ्यात पत्र्याला टेकवून उभी करा आणि तिच्यापुढे आपण. फलाट कुठल्या बाजूला येणार हे माहीत नसेल तर डब्यात विचारा, "काका, ठाण्याला कुठली साइड?" लोकलमध्ये दुसरं काही नाही पण या प्रश्नाचं उत्तर कायम मिळतं, चार जण एकदम देतात. उतरायच्या आधीच्या स्टेशनलाच वस्तू दाराकडे सरकवायला सुरुवात करायची.

आता मासे. लगेजच्या डब्यात मच्छीच्या पाट्या जातात, बर्फाचं पाणी गळतं, फरशी ओली असते. फोमची गादी त्या पाण्यात टेकली तर ते पाणी ती पिऊन घेते आणि मग महिनाभर तुम्ही पापलेटावर झोपताय. म्हणून प्लास्टिक फाडू नका म्हटलं. खाली गोणपाट किंवा वर्तमानपत्राची जाड घडी घाला, त्यावर गादी उभी. मच्छीवाल्या मावश्यांशी नीट बोला, "मावशी, एवढं कोपऱ्यात लावू का?" एवढं विचारलं की त्या स्वतः पाटी सरकवतात, न विचारता लावलंत तर मात्र कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत ऐकून घ्यायची तयारी ठेवा. सकाळी अकराच्या आसपास डबेवाले असतात, त्यांच्या लांब लाकडी पाट्या आत-बाहेर होतात तेव्हा त्यांच्या वाटेत येऊ नका, त्यांचं काम घड्याळावर चालतं आणि तुमची खुर्ची त्यांना दिसतही नाही.

बायकांसाठी थोडं वेगळं. दुपारी लगेजमध्ये काही अडचण येत नाही, सोबत असते, पण रात्री डबा रिकामा असतो आणि दिवा पण एखादा बंद असतो, तेव्हा लेडीजच बरा. लेडीजमध्ये मोठं बोचकं घेऊन शिरलं की "अगं केवढं हे!" ने सुरुवात होते, मग "कितीला घेतलं?" आणि मग "कुठून घेतलं?" तीन प्रश्नांची उत्तरं दिली की जागा मिळते.

गणपतीच्या दिवसांत लहान मूर्ती पण लगेजच्या डब्यातून घरी जातात, आणि तेव्हा कोणाला काही सांगावं लागत नाही, जागा आपोआप होते. ही सवलत मिक्सरला नाही.

पूल आणि सरकते जिने

सरकत्या जिन्यावर खोका नको. पायरी उलगडते तिथे खोक्याचा कोपरा अडकतो, खोका मागे कलतो आणि मागचा माणूस खाली जातो. लिफ्ट असेल तर लिफ्ट, पण म्हातारी माणसं आणि अपंग आधी, तुम्ही पुढच्या खेपेला. लिफ्ट बंद असेल तर साधा जिना, कठड्याच्या बाजूने. आणि जिन्याच्या मधे दम खायला थांबायचं नाही. जिन्यावर वाट अडली की मागे काय होतं ते 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर मुंबईने पाहिलंय, 23 माणसं गेली त्या चेंगराचेंगरीत. गर्दीची गाडी आत्ताच खाली झाली असेल तर फलाटावरच पाच मिनिटं बाकड्यावर बसा, गर्दी ओसरली की चढा. घरी पाच मिनिटं उशिरा पोचल्याने गादी काही शिळी होत नाही.

मेट्रो याबाबतीत चांगली, लिफ्ट असते, फरशी सपाट, पण आत जाताना सामान मशीनमधून जातं आणि त्या मशीनच्या तोंडात जे मावत नाही त्यावर तिथला गार्ड काय म्हणेल सांगता येत नाही. ट्रॉलीबॅगेत मावणारं असेल तर मेट्रो, नाहीतर नको. बेस्टचं सांगायचं तर जुन्या डबलडेकरमध्ये जिन्याखाली सामानाला छान खोपचा असायचा, त्या गाड्या सप्टेंबर 2023 मध्ये गेल्या. आताच्या छोट्या एसी बसमध्ये माणसंच मावत नाहीत, खोका कुठे ठेवणार. टर्मिनसवरून बस रिकामी मिळत असेल तर ठीक.

गावाला न्यायचं असेल

लांब पल्ल्याच्या गाडीला नियम पक्के आहेत आणि ते कामाचे आहेत. डब्यात बरोबर नेता येणाऱ्या पेटीचं माप साधारण 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर. फुकट वजन माणशी जनरलला 35 किलो, स्लीपरला 40, थर्ड एसीला 40. त्याच्यापेक्षा जास्त किंवा मोठं असेल तर गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी लगेज ऑफिसला जाऊन बुक करायचं, मग ते गार्डच्या बाजूच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात जातं. मी तर म्हणते दीड तास आधी जा, कारण वजन, पावती, लेबल, सगळ्याला वेळ लागतो. बुक न करता जास्तीचं नेलं आणि पकडलं तर सहापट पैसे लावतात. वस्तूवर नाव, फोन, उतरायचं स्टेशन मार्करने दोन बाजूंना लिहा. आणि एक विचारायला विसरू नका, ते स्टेशन पार्सल उतरवून घेतं का? कोकणात कितीतरी स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात तुम्ही उतरलात पण तुमचा कूलर सावंतवाडीला गेला असं नको. पोचल्यावर वस्तू लगेच सोडवून घ्या, पडून राहिली की तासावर पैसे चढतात.

गॅसचा सिलिंडर. हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून एकदाच: भरलेला तर नाहीच नाही, रिकामा सुद्धा नाही. "रिकामाच आहे हो" याला अर्थ नाही, रिकाम्या सिलिंडरचं नाव रेल्वेच्या मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत आहे. स्फोटक, ज्वालाग्राही वस्तू नेल्या तर रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रॉकेल, थिनर, रंगाचे डबे, हे पण त्यातच धरा. शेगडी खुशाल न्या. रंग गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, त्याचाही धंदा होऊ द्या.

एसटी. पूर्वी मागे शिडी असायची, सामान टपावर चढायचं, आता बऱ्याच गाड्यांना टप नाही, डिकी आहे. एसटीत सगळं कंडक्टरच्या हातात असतं त्यामुळे सामान चढवायच्या आधी त्याला दाखवा. "साहेब, एवढा एक पंखा आणि गादी आहे, कुठे ठेवू?" असं विचारलं की तोच जागा सांगतो. चोरून मागच्या सीटखाली सरकवलंत आणि नंतर सापडलं तर मग लगेजचं तिकीट फाडतानाचं त्याचं तोंड बघा. तिकीट मागून घ्या, खिशात ठेवा. गाडी आगारातूनच पकडा, हायवेच्या फाट्यावर हात दाखवून थांबवलेल्या एसटीत कपाटाचा आरसा चढवता येत नाही. काचेचं काही असेल तर मागच्या सीटजवळ नको, खड्ड्यात तिथेच सगळ्यात जास्त उडतं, पुढे ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला विचारा. फाट्यापासून गावापर्यंत वडाप किंवा टमटम, ते लोक बकरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं घेतात, फक्त पैसे आधी ठरवा.

शेवटचा टप्पा

रिक्षात बसायच्या आधी सामान दाखवून भाडं ठरवा, वस्तू आत ठेवल्यावर भाव करायची ताकद त्याच्याकडे जाते. शेअर रिक्षाचा हट्ट धरू नका, दोन सीटचे पैसे द्या आणि मोकळे व्हा. गादी मागच्या सीटवर उभी आणि तुम्ही तिच्या बाजूला, बाहेर काही लटकणार नाही असं बघा. मुंबईत वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा नाही, तिथे टॅक्सी, आणि टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते म्हणजे डिकी अर्धीच समजा. वर कॅरिअर असलेली टॅक्सी बघून थांबवा, दोरी तुमच्याकडे आहेच, बांधल्यावर एकदा हलवून बघा, ड्रायव्हर "काय नाय होत मॅडम" म्हणाला तरी हलवून बघा.

आणि काही वस्तूंचा विचारच सोडा. फ्रिज, 6 फुटी लोखंडी कपाट, घरघंटी, वॉशिंग मशीन, काथ्याची डबल गादी. फ्रिज आडवा घातला की कॉम्प्रेसरमधलं तेल इकडेतिकडे जातं, मग उभा करून काही तास थांबावं लागतं, आणि एवढं करून तो लोकलमध्ये चढणार नाहीच. यासाठी छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, सांगा. एकट्याला महाग पडतो म्हणून सोसायटीत विचारा, त्याच बाजूने कोणाचं काही यायचं असेल तर भाडं निम्मं. टेम्पो ठरवताना हमाली धरून की सोडून, आणि कितव्या मजल्यापर्यंत, हे फोनवरच बोला, नाहीतर खाली गेटजवळ सामान उतरवून तो नवीन भाव सांगतो.

घरी पोचल्यावर वळकटी केलेली फोमची गादी लगेच सोडा, रात्रभर सपाट पडू द्या, लगेच झोपू नका. टीव्ही दुकानाच्या माणसाकडून लावून घ्यायचा असेल तर खोका त्याच्यासमोरच उघडा, काच फुटलेली निघाली तर मग वाद होत नाही. आणि खोका, थर्माकोल, पट्ट्या लगेच भंगारवाल्याला देऊ नका, बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत माळ्यावर टाका. दोरी आणि चुंबळीचा पंचा धुऊन परत पिशवीत.